मिलिंद नदीत उतरायच्या आधी

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या मंडळींच्या घरांत एकमेकांचे डबे साठतात ना, भाजी घालून दिलेले आणि परत करायचे राहून गेलेले, तसेच ते साठतात. एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर! माझ्याकडे सध्या सगळ्यात जास्त साठा मिलिंदचा आहे. किस्स्यांचाही आणि डब्यांचाही.

मिलिंद माझ्या नवऱ्याचा, नितीनचा, ऑफिसमधला मित्र. पुण्याचा, शुद्ध शाकाहारी, आणि बोलायला लागला की समोरच्याचा चहा थंड. त्याची मुलगी तन्वी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, ती कॉलेजला पार ऑरेगनला जाणार. सध्या घरात असते ती दार लावून, कानात हेडफोन घालून. बापाने काहीही विचारलं की उत्तर एकच, "फाइन."

एका विषयावर मात्र ती भरभरून बोलते. फ्लाय फिशिंग! लहान असताना एका समर कॅम्पला गेली आणि वेडच लागलं पोरीला. यात गळाला खरा किडा लावत नाहीत. दोरा, पिसं, लोकर गुंडाळून खोटा किडा करायचा, त्याला म्हणायचं फ्लाय, आणि लांबलचक लाइनला हवेत झोके देऊन तो पाण्यावर नेऊन ठेवायचा, त्याला म्हणायचं कास्ट. उन्हाळ्यात छोटे ट्राउट धरून झाले होते. आता या ऑक्टोबरात तिला पहिल्यांदाच उत्तरेकडच्या नदीवर सॅल्मन आणि स्टीलहेडसाठी जायचं होतं. फॉलमध्ये हे मोठे मासे लेकमधून नदीत चढून येतात.

जेवताना मिलिंदने हळूच विचारलं, "मी येऊ?"

"यू? इन अ रिव्हर?" मग वरणभात कालवता कालवता, "आधी कास्ट करायला शीक. मग बघू."

त्या "बघू"वर हा माणूस अख्खा सप्टेंबर जगला. आमच्याकडे येऊन म्हणाला, "शुभांगी, ती जायच्या आधी एक अख्खा दिवस मला मिळतोय. तो हुकला तर मग सगळं फोनवरच यार."

*

पहिलं शॉपिंग वेडर्सचं. वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी, पाणी आत न येणारी विजार. मिलिंदने ऑनलाइन मागवले आणि घालून हॉलमध्ये आला. भारतातून आलेली त्याची आई, आमच्या नलूकाकू, सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"काय रे, मोरी तुंबली का?"

आता हे वेडर्स गळतात का, ते बघायचं होतं. कोणी शहाणा माणूस नळाखाली धरून बघेल. हा बाथटब काठोकाठ भरून, वेडर्स घालून आत बसला! झालं, दोन्ही पायांत हवा कोंडली. पाय छताकडे, मिलिंद तळाकडे. हाताला धरायला काही नाही. आरडाओरडा ऐकून काकू दाराशी आल्या, त्यांनी आम्हाला फोन केला. दोन बिल्डिंग सोडून तर आम्ही राहतो. आम्ही धावत गेलो आणि नितीनने आधी फोटो काढला.

"अरे हात दे ना!" मिलिंद ओरडला.

"थांब रे, व्हिडिओ पण घेतो."

बाहेर काकू मला विचारत होत्या, "शुभांगी, नदी या टबापेक्षा खोल असते ना गं?"

*

मग कास्टिंगची प्रॅक्टिस. रोज ऑफिसनंतर कॉम्प्लेक्सच्या हिरवळीवर. हूकऐवजी टोकाला लोकरीचा तुकडा. लाइन मागे फेकायची, ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. सगळी मेख त्या थांबण्यात! आणि मिलिंदला जन्मात कधी थांबता आलेलं नाही. लाइन कधी कानाला गुंडाळली जायची, कधी चष्म्याला. एकदा काकूंच्या घडीच्या खुर्चीलाच गाठ बसली, काकू खुर्चीत असताना.

एक दिवस कुत्र्याला फिरवायला निघालेल्या शेजारच्या आजीबाई थांबल्या. हिरवळीवर वेडर्स घालून उभा असलेला हा प्राणी त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "एनी लक?"

"काय म्हणतेय ती?" काकू.

"मासा मिळाला का विचारतेय."

"सांग तिला, आधी पाणी तर मिळू दे!"

*

इकडे माझ्या घरात वेगळंच सुतक. नितीन वेंगुर्ल्याचा. ट्रिपला गाडी चालवायला तयार झाला तो मनात सॅल्मनचं कालवण ठेवूनच. त्याने आठवडाभर आधी तिरफळं शोधून काढली, कोकम काढलं, नारळ आणला. मग तन्वीने त्याला शांतपणे नियम सांगितला. एकही मासा घरी आणायचा नाही. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा.

"सगळे?"

"सगळे, काका."

"मोठे पण?"

"मोठे तर आधी."

नितीन त्या रात्री जेवला नाही म्हणणार होते, पण जेवला. झोपायच्या आधी म्हणाला, "शुभे, आपण बर्फाचा कूलर नेऊच. एखादा मासा आपणहून येतो म्हणाला तर?"

*

फ्लाय बांधायचं काम मिलिंदच्या डायनिंग टेबलवर चालायचं. तन्वीने टेबलाला छोटा चिमटा लावला होता, त्यात हूक अडकवून ती बारीक दोरा गुंडाळत बसायची. मिलिंद समोर खुर्ची ओढून बसला. बराच वेळ खटपट करून त्याने एक फ्लाय तयार केला आणि तिच्यापुढे ठेवला.

तन्वीने तो उलटसुलट करून पाहिला. "बाबा, व्हॉट इज इट?"

"किडा."

"नो किडा लुक्स लाइक धिस."

मग काकू बसल्या. साठ वर्षं वाती वळलेले हात ते! केशरी लोकरीचा असा सुबक गोळा हूकवर बसवला की माशाचं अंडंच वाटावं. स्टीलहेडना म्हणे तेच लागतं. तन्वी आजीच्या गळ्यातच पडली. काकूंचा हात मात्र मध्येच थांबला.

"पण हे त्या मुक्या जिवाला फसवणंच की गं. वाती देवासाठी वळते मी. हे काय करतेय?"

तन्वीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं की मासा मारायचा नाही, लगेच सोडायचा.

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नक्की सोडणार? मग आण ती लोकर, अजून चार करते."

*

ट्रिपच्या आधीच्या शनिवारी मिलिंद आमच्याकडे आला आणि चक्क गप्प बसला. मी ठेवलेला चहा गरमच पिऊन टाकला.

तन्वीच्या मैत्रिणींनी नेमका ट्रिपच्याच वीकेंडला शिकागोचा बेत केला होता. मिलिंद तिला म्हणून बसला होता, "जा तू, मजा कर." आणि ती "ओके" म्हणून खोलीत गेली होती.

"वेडर्स परत घेतील का गं?" त्याने मला विचारलं. "टबात घातलेले आहेत, पण वाळलेत."

मला इतकं वाईट वाटलं ना! हा बडबड्या माणूस असा बसलेला बघवेना. नितीनही त्या दिवशी चेष्टा करायला विसरला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तन्वी, हातात भलंमोठं खोकं. बापापुढे ठेवलं. आत नदीत घालायचे, घसरू नये म्हणून तळाला खिळे असलेले बूट.

"तुझे शूज स्लिप होतील. साइज टेन ना?"

"शिकागो?" मिलिंदने खोक्यावरून मान वर केली.

"कॅन्सल केलं. कम ऑन बाबा, सॅल्मन काय ख्रिसमसपर्यंत थांबणारेत?"

मिलिंदचा साइज नऊ. त्याने तीन-तीन मोज्यांवर ते बूट घातले, आणि तिला अजून सांगितलेलं नाही.

*

आणि मग ती सकाळ. काठावरची झाडं लाल-पिवळी, पाण्यावर धुकं, आणि थंडी अशी की थर्मासमधला चहा ओतेपर्यंत गार. मी आणि नितीन काठावर. बापलेक मांडीभर पाण्यात. मिलिंदच्या कास्टला काहीही लागलं नाही, एक फांदी सोडली तर. पण तो थांबत होता! लाइन मागे सरळ होईपर्यंत नीट थांबत होता, आणि तन्वी तिरक्या नजरेने ते बघत होती.

दहाच्या सुमाराला तिची रॉड वाकली. पोरगी किंचाळली, "बाबा, नेट!"

मासा एकदा इकडे पळाला, एकदा तिकडे. मिलिंदने पहिल्यांदा जाळी घातली ती नुसत्या पाण्यात. दुसऱ्यांदा मात्र मासा आत! स्टीलहेड. हातभर लांब, चांदीसारखा, अंगावर फिकट गुलाबी पट्टा. तन्वीने हूक काढला आणि मासा बापाच्या हातात दिला.

"शेपटीजवळ धर. तोंड करंटकडे, पाणी येतंय तिकडे. ही इज टायर्ड. दम आला की तो स्वतःच जोर लावेल, मग सोडायचा."

मिलिंद वाकला. दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरून उभा राहिला. थोड्या वेळाने माशाने शेपूट हलवली.

"ही इज रेडी, बाबा."

"थांब गं. धाप लागलीये त्याला अजून."

माशाने पुन्हा जोर लावला. मिलिंदच्या तोंडावर पाणी उडालं. ते त्याने पुसलंही नाही.

"बाबा, लेट गो."

"एक मिनिट. पाणी किती गार आहे बघ. आणि एवढ्या लांब एकटंच जायचंय त्याला."

तन्वीने रॉड काखेत धरली. वाकून त्याच्या शेजारी आली आणि त्याच्या भिजलेल्या बाहीवर हात ठेवला.

"बाबा, कॉलेजला गेले तरी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी घरी येणार आहे ना. सोड आता त्याला."