शांततेत उमटलेली ओळ

इथले अनुभव मी आवडीने वाचते, पण आजवर प्रत्येक अनुभवाखाली मनातल्या मनात ‘भास’ असा शेरा मारत आले. माझं शिक्षणही त्याच वळणाचं. नगरला माझी जॉइंट डिग्री चालू आहे – अर्धी भाषाशास्त्राची, अर्धी इंटेलिजंट कॉम्प्युटिंग सिस्टिम्सची. सकाळी बोलीभाषा शिकायची आणि दुपारी तीच मशीनला शिकवायची. मशीन चुकलं तर का चुकलं ते शोधायचं. कारण नेहमी सापडतंच... म्हणून हे लिहायला मला इतके महिने लागले.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला माझी पार्टनर होती रूथ. ती भिंगारची, तिचे पप्पा शाळेत शिक्षक. आपल्या भागातलं बोलणं ऐकून ते लिहून काढणारी सिस्टिम करायची, असं आम्ही ठरवलं. मोबाईलवरच्या तयार सिस्टिम्स ‘गेल्तो’, ‘हुतं’ आलं की गडबडतात. आम्ही गावोगावची माणसं रेकॉर्ड करून त्यावर आमचं मॉडेल तयार केलं. ते माझ्या लॅपटॉपमध्येच चालायचं, इंटरनेट लागायचं नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पहिली शंका सगळे तीच घेतात.

चाचणीसाठी आम्ही पुणतांब्याला माझ्या मावशीकडे गेलो. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. गावाबाहेर वस्तीवर त्यांचं घर. हिवाळ्यातली दुपार, लख्ख ऊन. काका जेवून मोटार बघायला विहिरीवर गेले होते. विहीर घरापासून बरीच लांब, मधे सगळा ऊस. तिकडचं काही दिसत नाही की ऐकू येत नाही.

ओट्यावर माईक लावून मावशीला बोलतं केलं. ती गायींबद्दल सांगत होती आणि स्क्रीनवर ओळी भराभर उमटत होत्या. ‘लई गुनाची गाय हाय ती.’ अगदी बरोबर! रूथने मला टाळी दिली.

मग आसपासचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा होता. मी म्हटलं, “मावशी, आता जरा वेळ कुणीच बोलायचं नाही हं.”

“बरं बाई,” म्हणून तिने तोंडाला पदर लावला.

सगळं शांत. आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली –

आक्का आईक ना

रूथ हसली. मलाही विशेष वाटलं नाही. पूर्ण शांततेत अशी मॉडेल्स कधीकधी मनचंच लिहितात, ते आम्हाला माहीत होतं. पण लगेच खाली दुसरी ओळ आली –

दाजी इहिरीत पडल्यात

मी ती गमतीनेच मोठ्याने वाचली. मावशीचा पदर तोंडावरून खाली आला.

“कुनी म्हनलं हे?”

“कुणी नाही गं, मशीन चुकलंय.”

“आक्का कोन म्हनलं मला?”

मी उत्तर द्यायच्या आत तीच ओळ पुन्हा उमटली. मग पुन्हा. मावशी उठली आणि अनवाणीच उसाच्या बांधाने पळत सुटली. तिच्यामागे मी, माझ्यामागे रूथ. पळताना मी स्वतःला सांगत होते – काका मोटारीपाशी बसलेले असतील, आपल्याला हसतील...

विहिरीवर कुणी नव्हतं. नुसत्या चपला होत्या.

वाकून पाहिलं तर काका खाली पाण्यात, मोटारीच्या पाइपाला एका हाताने मिठी मारून. पाणी हनुवटीपर्यंत. कपाळ फुटलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. मावशी ओरडली, “आवो, सोडू नका! धरून ऱ्हावा!” त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. हात पाइपावरून घसरत चालला होता, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

शेजारच्या रानात मावशीचे शेजारी नाना ट्रॅक्टर चालवत होते. रूथ ढेकळं तुडवत धावत गेली आणि त्यांना दोरासकट घेऊन आली. नाना खाली उतरले, त्यांनी काकांच्या काखेतून दोर बांधला आणि आम्ही तिघींनी वरून ओढला. माझे हात सोलून निघाले, ते दवाखान्यात पोचेपर्यंत कळलंही नाही.

काका वाचले. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर अवघड होतं.

काका शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, “काका, तुम्ही हाक मारली होती का?”

“कशाची हाक? पाय घसरला, छाती आपटली पाइपावर. श्वासच घ्यायला येईना, तर हाक कुठून मारू?”

मावशीला आक्का आणि काकांना दाजी म्हणणारी माणसं दोनच. माझी आई आणि मामा. दोघंही हयात आहेत, ठणठणीत. आई त्या वेळी नगरला तिच्या शाळेत वर्गावर होती. मामा टेम्पो घेऊन संगमनेरच्या रस्त्याला होता. दोघांनाही काही जाणवलं नव्हतं, साधी हुरहुरसुद्धा नाही. आई तर उलट माझ्यावरच चिडली, “मला काय विचारतेस? मला ठाऊक असतं तर फोन नसता केला?”

मी ते रेकॉर्डिंग कितीदा ऐकलंय. ओळी उमटल्या त्या शांततेत लांबवर एक होला पक्षी घुमतोय, बाकी काही नाही. तेवढाच तुकडा त्याच मॉडेलवर पुन्हा चालवला की पान कोरं येतं. आक्का, दाजी, इहीर हे शब्द मॉडेल आमच्याच रेकॉर्डिंगमधून शिकलं होतं, ते मान्य. पण तेच शब्द, त्याच क्रमाने, नेमके तेव्हा?

रूथ म्हणते, “आपण आभार मानायचे आणि गप्प बसायचं.” तिला ते जमतं.

सरांना आम्ही एवढंच सांगितलं की मॉडेल शांततेत मधेच काहीतरी लिहितं. त्यांनी सहज उपाय सांगितला – आवाज नसताना आलेल्या ओळी सिस्टिमने आपोआप पुसायच्या, असा फिल्टर लावा. बरोबरच आहे, सगळीकडे तसंच करतात. कॉलेजला दिलेल्या प्रोजेक्टमध्ये तो फिल्टर आहे, आणि मार्कही चांगले पडले.

माझ्या लॅपटॉपवर मात्र मी तो अजून लावलेला नाही.