मंद्रूपच्या पुढे, जिथे माणसं बरी व्हायला झोपतात

"मला तिथं एकदा झोपायचंय," वंदनाताई म्हणाली, आणि मी चहा पिता पिता थांबलो.

ताई माझी थोरली बहीण. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहते, शाळेत इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी, कुणी बोलत नसतानाही तिला आवाज ऐकू येऊ लागले होते. औषधांनी ते हळूहळू निवले. गोळी अजून चालू आहे. त्या वाईट दिवसांत शेजारीपाजारी सांगायचे, मंद्रूपच्या पुढच्या दर्ग्यात न्या, तिथं झोपलं की उतार पडतो. तेव्हा आई तयार झाली नाही. आता ताईलाच जायचं होतं. तिथं जाऊन सगळं पुन्हा सुरू झालं तर, ही भीती मात्र माझी.

थंडीतल्या एका गुरुवारी निघालो. मंद्रूपपर्यंत एसटी, पुढे शेअर रिक्षा. तुम्ही जाणार असाल तर डबा आणि पाणी सोबत घ्या, तिथं एका चहाच्या टपरीशिवाय काही मिळत नाही. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून कणसांवर आलेली, तिच्यावर धुकं उतरलेलं. रिक्षा पाण्यातून चालल्यासारखी वाटत होती.

ताई हलक्या आवाजात सांगत होती. ग्रीक लोक आजाऱ्यांना देवळात झोपवायचे; पडलेलं स्वप्न हाच देवाचा सल्ला. बाबिलोनमध्ये कुणाला वेड लागलं की म्हणायचे, देवाचा हात लागला. आपले जुने वैद्य याला उन्माद म्हणत. शोकानं, भीतीनंही मन बिघडतं हे त्यांना माहीत होतं. जुनं तूप द्यायचे, जवळच्या माणसांनी धीर द्यावा असं सांगायचे.

"आणि बांधूनही ठेवायचे," ती म्हणाली. "साप दाखवून घाबरवायचे. सगळंच काही मायेचं नव्हतं."

दर्गा छोटासा, पांढरा. लोबानचा धूर, चिंचेची सावली, आणि ओसरीत भर दिवसा चादरी ओढून झोपलेली माणसं. झाडणारी म्हातारी म्हणाली, "हल्लू बोलो बेटा, लोगां सोए हैं."

कोपऱ्यात एक बाई बसली होती. तिचं मनगट आणि शेजारच्या तरुण मुलीचं मनगट लुगड्याच्या पट्टीनं एकत्र बांधलेलं. मुलगी स्वतःशीच पुटपुटत होती. ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"बांधलंय कशाला?"

"पळती की वो," बाई म्हणाली. तिचं नाव इंदूबाई, मुलीचं सविता. "परवा हिरीच्या कडंला घावली. लागीर हाय म्हन्त्यात."

ताई सविताकडे वळली. "काय म्हणतायत ते आवाज?"

सविता दचकली. "तुमाला बी ऐकू येतंय?"

"आता नाही. आधी यायचं."

"काय म्हनायचे?"

"तू कुणाच्या कामाची नाहीस."

सविता ताईकडे सरकली. "मला बी तेच म्हन्त्यात," ती म्हणाली आणि रडायला लागली. इंदूबाई हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"तुमी कशानं बऱ्या झालात?" तिनं विचारलं.

"डॉक्टरांच्या गोळ्यांनी. आणि आई रोज शेजारी झोपायची, त्यानं."

"मग हितं यायचं न्हाय का?"

"या की. इथं झोप लागते ना तिला? पण गोळ्याही सुरू करा."

इंदूबाईनं बराच वेळ गाठीशी चाळा केला. मग सोडली. तिघी एकाच चादरीखाली आडव्या झाल्या. सविता पळाली तर, म्हणून मी पायरीवर जागा राहिलो. ती पळाली नाही. ऊन ओसरीत सरकत आलं, धूर विरळ झाला. इतक्या अनोळखी माणसांचे श्वास एका लयीत चाललेले मी कधी ऐकले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मायलेकी सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आल्या. ताई सोबत गेली. पहिल्या गोळीनं सविता दिवसभर गुंगीत राहायची, मग औषध बदललं. आता ती आईबरोबर शेतात जाते. आवाज गेलेले नाहीत, पण लांबून येतात म्हणते. गुरुवारी दर्ग्यातही जातात.

दर्ग्यातून घरी परतल्यावर मला वाटलं होतं, ताई खचेल. उलट ती मोकळी झाली. रविवारी सविताचा फोन येतो. पाऊसपाण्याचं, पिकाचं बोलणं होतं. कधी कधी दोघींना बोलायला काही नसतं. फोन तेवढा चालू असतो.