आतोबा आणि इमानदार पोरगा

देवाने ही सृष्टी निर्माण केली तेव्हा आमचे आतोबा तिथे हजर असते, तर ती अजून मंजूर झाली नसती. "वरवर बरी दिसती, पर आत शिरून बघाय लागंल," असं म्हणून ते धोतराचा काचा मारून आत उतरले असते, आणि देव बिचारा बांधावर चहाचा कप धरून उभा राहिला असता.

आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. राहणार कोपरगाव तालुका. साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून त्यांची हयात गेली. म्हणजे शेतकऱ्याच्या उसाची नोंद घ्यायची, प्लॉट पाहायचा आणि वेळ आली की तोडीची चिठ्ठी द्यायची. हुद्द्यात 'बॉय' असला तरी भलेभले बागायतदार त्यांना वचकून असत. बांधाकडेचा ऊस सगळ्यांचाच चांगला असतो, खरी परिस्थिती आत असते, हे त्या नोकरीने त्यांना शिकवलं. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान कुठे ठेवावं ते न कळल्यामुळे त्यांनी ते सरसकट जगाला लागू केलं. लग्नाला गेले की ते मांडवात टेकत नाहीत, थेट आचाऱ्याकडे जाऊन पातेल्याच्या तळाशी झारा घालतात. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले की आधी सलाईनच्या बाटलीवरची तारीख, मग रुग्णाची विचारपूस. माझ्यासाठी स्थळ पाहायला आले, तेव्हा त्यांनी मुलाशी एक शब्द न बोलता दारातल्या त्याच्या चपला उलट्या करून पाहिल्या. "टाच सारखी झिजली हाय. पोरगं सरळ चालतंय," एवढाच अहवाल त्यांनी माझ्या वडिलांना दिला. तो बरोबर निघाला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बरं, एका तपासणीवर भागलं तर ते आतोबा कसले! केलेल्या तपासणीची फेरतपासणी झालीच पाहिजे. घराला कुलूप लावलं की स्वतः ओढून बघायचं, मग आत्याला ओढायला लावायचं, मग शेजाऱ्याला हाक मारायची. एकदा आम्ही सगळे नगरला लग्नाला निघालो होतो. शिर्डीला गाडी गर्दीत अडकली, तेवढ्यात आतोबा खाली उतरले आणि उलट्या दिशेच्या एसटीत बसून घरी गेले. कुलूप शाबूत होतं. लग्न चुकलं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

अशा माणसाच्या घरात संगणक आला, तो आत्यासाठी. आत्याला काही वर्षांपासून ऐकू येईनासं झालं. कानातलं यंत्र लावलं की डोकं ठणकतं म्हणून ते कपाटात गेलं. पण समोरच्याचे ओठ दिसले की तिला सगळं कळतं. माझी थोरली आत्या, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो, बेळगावला लेकाकडे राहायची. मोबाईलवर अक्काचा चेहरा दिसे सुपारीएवढा, त्यातले ओठ काय वाचणार? संगणकावर मात्र अक्का चांगली परातीएवढी दिसायची. दर रविवारी सकाळी दोघी बहिणी मनसोक्त बोलायच्या. बाकीचा आठवडा आत्याच्या घरात शांतता असे.

आणि एके दिवशी त्या संगणकाचं नेट बिघडलं. काहीही उघडायला गेलं की लॉटरी लागल्याचं अभिनंदन नाहीतर गुडघेदुखीचं तेल. पुढे पुढे तर तेही येईना, नुसताच कोरा पडदा. मोबाईलवर तेच नेट सुरळीत चालू. आतोबांनी तपास हाती घेतला. घरातून निघालेली वायर धरून ते खांबामागून खांब करत, लोकांच्या परसातून, गोठ्यातून, थेट हायवेपर्यंत गेले. "वायर निर्दोष हाय," असा निष्कर्ष घेऊन परत आले. दोन रविवार रिकामे गेले. आत्या दोन्ही रविवारी वेणीफणी करून, इस्त्रीची साडी नेसून कोऱ्या पडद्यासमोर बसली आणि थोड्या वेळाने उठून स्वयंपाकाला लागली. त्यात बेळगावहून निरोप आला की सोमवारी अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी नगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. दिवसभर संगणकासमोर बसते, एवढ्या पुण्याईवर मला रविवारी सकाळीच बोलावणं आलं.

गेले, संगणक उघडला आणि कपाळाला हात लावला. नेट चालू होतं तेव्हाच आतोबांनी व्हायरस शोधणारा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला होता. त्याच्या कामावर नजर ठेवायला दुसरा. त्या दुसऱ्याची खात्री काय, म्हणून तिसरा. असे कितीतरी. ते सगळे एकमेकांवरच पाळत ठेवून होते आणि मशीनला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यातल्या एकाचं लाल चित्र दर मिनिटाला थयथयाट करत होतं, अमुक फाईल नासली, तमुक फाईल नासली.

"ह्याला हात लावू नगंस," आतोबा म्हणाले. "ह्यो पोरगा इमानदार हाय. बाकीचे म्हनत्यात समदं ठीक हाय. ह्याला बरोबर खोट दिसती."

"आतोबा, हाच चोर आहे. खोटंखोटं घाबरवतो आणि आपलं काम साधतो."

"खोट दाखवनारा मानूस कधी चोर असतो व्हय? चोर म्हनंल ऊस झकास हाय!"

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? उभ्या आयुष्यात त्यांना फसवायला आलेल्या प्रत्येकाने सगळं चांगलं असल्याचंच सांगितलं होतं. वाईट सांगून फसवणारा त्यांना प्रथमच भेटला होता. मी त्यांना चहा करायला पाठवलं आणि तेवढ्यात त्या इमानदार पोराला समूळ उपटलं. बाकीचेही काढले, एक बरा ठेवला, त्याच्याकडून सगळं मशीन तपासून घेतलं. मशीन स्वच्छ निघालं. नेट मात्र येईना! आतोबा चहाचे कप घेऊन दारात उभे. "बिचारा निर्दोष हुता," ते सुतकी आवाजात म्हणाले.

आत्या साडी नेसून येऊन बसली होती, आणि ती माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती. शेवटी सेटिंगमध्ये शिरले तेव्हा सापडलं. तो लबाड गेला होता, पण जाण्याआधी नेटची वाट बदलून गेला होता. या मशीनने काहीही मागितलं की मागणी आधी भलत्याच पत्त्यावर जायची, आणि तिथे आता कुणीच नव्हतं. प्रॉक्सी म्हणतात त्याला. आतोबांना हे समजावून सांगता सांगता माझीच दमछाक झाली.

आतोबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे नोंद आपल्या कारखान्याला, आन् ऊस पळवला दुसरीकडं?"

"अगदी तेच."

"आरं हलकटा!" आतोबा इतक्या जोरात ओरडले की दारातलं मांजर पळालं. व्हायरस म्हणजे काय ते त्यांना आता संपूर्ण समजलं होतं.

मी ती वाट बंद केली. नेट आलं. पडद्यावर अक्का आली, थकलेली, पण परातीएवढी. आतोबा चटकन दाराआड झाले. आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पडद्याशी वाकून ती अक्काच्या कानात कुजबुजली. आवाज किती लागतो याचा तिला आता अंदाज राहिलेला नाही, त्यामुळे ती कुजबुज समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. "अक्के, हे हितं न्हाईत म्हनून सांगते. दोन आठवडं मानूस धड जेवला न्हाई. मशीनचं न्हाई गं, माझं बोलनं बंद पडलं ते लागलं जिवाला. लई जीव हाय माझ्यावर. मला कळतंय ते त्यांना सांगू नगं, उगं लाजत्यात."

गिरणीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आतोबा दाराआड कडी न्याहाळत होते. अक्काने त्यांना हाक मारली, तेव्हा टोपी नीट करून ते येऊन बसले. अक्का म्हणाली, "दाजी, उद्याचं काय सांगावं? मी नसले तर हिनं बोलायचं कुणाशी? तुम्ही सदा पाठमोरे बोलता. समोर बसून, हळू बोलत जा." आतोबांनी मान हलवली.

ऑपरेशन नीट झालं. पुढे वर्षभर दोघी बहिणी खूप बोलल्या. मग थंडीत एका पहाटे अक्का झोपेतच गेली.

परवा रविवारी गेले होते. संगणकावर कापड घातलेलं होतं. आतोबा आत्यापुढे खुर्ची घेऊन बसले होते आणि ओठ हळूहळू हलवत होते. आवाजाचा तिला उपयोग नाही म्हणून तो त्यांनी काढणंच सोडून दिलंय. त्यामुळे ते काय विचारत होते ते मला कळलं नाही. आत्याचं उत्तर मात्र गिरणीपर्यंत ऐकू गेलं.

"व्हय हो, मला बी लई आठवन येती तिची. बोला तुमी, थांबू नगा."