चिपाडांतली साखर

रसवंतीसमोर उभं राहून रसाचा पेला नाकारणारा आणि चरकातून निघालेली चिपाडं मात्र पिशवीभर मागून नेणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका आमच्या ताईचा सासरा निघाला. कॉलेजच्या रसायनशाळेत ते आयुष्यभर सहायक होते. निवृत्त झाल्यावर डिलाईल रोडच्या चाळीतली खोलीबाहेरची गॅलरी त्यांनी प्रयोगशाळा म्हणून ताब्यात घेतली. चिपाडांतून साखरेच्या जागी चालेल असा गोड पदार्थ काढायचा, हा एकच ध्यास. कारण घरातच होतं. ताईच्या सासूबाईंना मधुमेह होता आणि बिनसाखरेचा चहा त्या काढा प्यावा तसं तोंड करून प्यायच्या.

चिपाडं वाळवायची, कुटायची, आम्लाच्या पाण्यात शिजवायची, ते पाणी निवळून बरणीत भरायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढची मेहनत यीस्टची. या यीस्टला ते ‘मंडळी’ म्हणत. थंडीत स्वतःची शाल बरणीला गुंडाळून आपण कुडकुडत बसत. एकदा लग्नासाठी गावी गेले, तर ताईला दिवसातून तीन फोन, "मंडळी कशी आहेत?" सख्ख्या नातवाची चौकशी चौथ्या फोनला झाली.

शेजारच्या मुलीचा साखरपुडा होता त्या दिवशी वास येऊ नये म्हणून सासूबाईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. पाहुणे गॅलरीत खुर्च्या टाकून बसले आणि झाकण उडालं. तपकिरी फेस थेट नवऱ्या मुलाच्या मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर. ताईच्या सासऱ्यांनी पुढे होऊन मामाच्या खांद्यावरचा फेस बोटानं टिपला, हुंगला आणि म्हणाले, "वा! मंडळी जोरात आहेत!" लग्न मोडलं नाही, हे त्या मुलीचं नशीब.

तीन वर्षांनी अर्धा चमचा पांढरी भुकटी हाती आली. जुन्या कॉलेजातल्या मॅडमकडून शुद्ध करून, तपासून घेतल्यावरच त्यांनी ती घरी आणली. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. चहात भुकटी ढवळली गेली. आम्ही सगळे सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी दोन घोट घेतले आणि आपल्या मालवणीत म्हणाल्या, "गोड आसा हो. परत करा हां!" सासरे पाठ फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढे तसलीच साखर दुकानात मिळू लागली. ताईने डबा आणला. सासूबाईंनी तो फळीवर ठेवून दिला आणि सासऱ्यांच्या पुढच्या अर्ध्या चमच्याची वाट बघत फिकाच चहा पीत राहिल्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. नंतर भेटायला गेलो तर गॅलरीत एकही बरणी नव्हती. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "अरे, तेवढ्या भुकटीनं कपभर चहा गोड होत नाही. मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मग बोलला नाहीत ते?"

"काय बोलू? उभ्या संसारात माझी कधी खोटी तारीफ न केलेली बाई. माझ्यासाठी एकदा खोटं बोलली."

एवढं म्हणून ते हसले आणि चहा घेऊन जा म्हणाले. मी घेतला. त्यात साखर किती होती, काही केल्या आठवत नाही.