पिठाच्या हातांची हळद

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही लोणी भापकरला, निम्मी शेळ्यांमागं. गाणं कुणी शिकवलं नाही. सणसरला नांदायला आले आणि गवार तोडता तोडता ओळी जुळायला लागल्या.

हळूहळू भावकीतल्या प्रत्येक हळदीला मला बोलावणं यायला लागलं. आमच्याकडं रीत अशी, की गाणारीनं एकेकीला गाण्यातून हाक मारायची. मामी, मावशी, काकी. जिला हाक मारली तिनं उठून नवरदेवाला हळद लावायची. तिचा हात लागल्याशिवाय पुढची ओवी घ्यायची नाही. काय मजा यायची म्हणून सांगू! एखादी मामी नट्टापट्टा करत घरात रेंगाळली, की मी तिच्या पावडरीवर दोन ओळी जास्तीच्या जोडायची. मांडव हसून लोळायचा.

माझ्या थोरल्या जावेच्या पहिल्या मुलाच्या हळदीलाही मी अशीच गायले. जाऊ विधवा. तिनं हळदीला हात लावायचा नाही, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही बघा. दुपारी ताटं वाढताना ती एवढंच म्हणाली, "समद्या आल्या गं तुझ्या गाण्यात."

रागावली असती तर बरं झालं असतं. तोवर मला वाटायचं, गाणी करायची ती हसवायला. पण गाण्यात जागा दिली नाही, की त्या बाईला मांडवातही जागा राहत नाही. आणि ती जागा तर माझ्याच तोंडात होती.

जावेच्या धाकट्याचं लग्न चार वर्षांनी ठरलं. लेकीच्या जुन्या वहीत मी ओवी लिहिली, खोडली, परत लिहिली. हळदीला सगळ्या जमल्या आणि मी सुरू केलं,

पहिली गं हळद, कुणाच्या हातानं
नऊ महिनं वाढवला, त्या आईच्या हातानं

सासूबाई हळदीची वाटी घेऊन पाटाशेजारी बसलेल्या.

"खूळ लागलं का तुला? मामीला बोलव."

"ओवी अर्धी सोडता येत न्हाय," मी म्हणाले आणि तीच पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली. जाऊ दारात मान खाली घालून. ही आली नाही, तर चारचौघींत मीच हिची शोभा केली असं होणार. चौथ्यांदा मात्र मामीनं, जिचा पहिला मान होता तिनंच, सूर मिळवला. मग मावशीनं. पाटावरचा पोरगा ओरडला, "ये की गं आई, किती वेळ उघडा बसू?"

"हात पिठाचं हायेत माझं," जाऊ म्हणाली.

"आसू द्या, आक्का," मी म्हणाले.

आली. वाटीत बोटं बुडवली, पोराच्या गालांना लावली, आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.

सासूबाई वाटी मामीकडं सरकवून म्हणाल्या, "म्होरली ओवी घे आता. उन्हं चढाय लागली."

हल्ली बारामतीकडनंही बोलावणी येतात. मी आधी विचारते, तुमच्यात दारात कोण उभी राहते? काही घरांतून मग परत फोन येत नाही. न्हाय तर न्हाय. त्या घरच्या दारातल्या बाईची ओवी मी तरी लिहून ठेवते.