जपून म्हणजे काय

कुठलीही पाटी दिसली की वझेकाका थांबत, ती मोठ्याने वाचत आणि पाटीलाच विचारत, "म्हणजे मी नेमकं करू काय?" भोपाळला आमच्या टाउनशिपच्या बागेत 'अनुशासन का पालन करें' अशी एक पाटी होती. तिच्यासमोर ते इतका वेळ उभे राहत की माळ्याला वाटे, साहेब तपासणीला आलेत.

पुण्याहून बदलून आलेले काका भोपाळच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होते आणि आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहत. कारखान्यात क्रेनपाशी 'सावधानी बरतें' असा फलक होता, तरी माणसं हुकाखालून बिनदिक्कत जात. काकांनी जमिनीवर पिवळी पट्टी मारून घेतली आणि फलक बदलला: 'क्रेन चले तो पीली पट्टी के पीछे आओ.' माणसं मागे येऊ लागली. वरिष्ठांना ही भाषा गावठी वाटली. काका म्हणाले, "साहब, सावधानी किसी को दिखती नहीं. पट्टी दिखती है." फलक राहिला.

आई आम्हा पोरांना "नीट खेळा" म्हणाली की वरून आवाज येई, "अहो वहिनी, नीट म्हणजे काय ते त्यांना कसं कळणार? चेंडू टाकीच्या अलीकडेच ठेवा, असं सांगा." आम्ही कुरकुरायचो, पण ऐकायचो.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, "ज्यादा मेहनत मत कीजिए." जन्मभर पाट्यांना प्रश्न विचारणारा हा माणूस तिथे मात्र मान डोलावून घरी आला. त्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. काका खालच्या नळावर बादली भरून कूलरसाठी वर नेत. आम्ही सगळे जाता-येता "काका, जपून" म्हणायचो. ते हसून म्हणत, "जपूनच चाललोय." बादली नेण्याला ते मेहनत समजतच नव्हते. एका दुपारी जिन्यात कोसळले, ते गेलेच. त्याची चुटपुट मला अजून लागते.

तेराव्याला काकू आईला म्हणाल्या, "मी रोज जपून, जपून म्हणायचे हो. बादली खाली ठेवा, एवढं म्हटलं असतं तर ठेवली असती त्यांनी."

येणारा प्रत्येक जण काकूंना सांगत होता, "स्वतःला सांभाळा." मग बाबांनीही तेच म्हटल्यावर त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे मी नेमकं करू काय?"

आई म्हणाली, "दिवे लागले की खाली या. जेवण आमच्याकडे."

त्या संध्याकाळी दिवे लागले आणि काकू जिना उतरून आल्या.