आईने कापलेला फोन

मी शिकते त्या पुण्यातल्या संस्थेत जागा मोजक्या आणि अर्ज करणारे देशभरातले. आमच्या घरात दहावीच्या पलीकडे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मला ते जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं. विज्ञानाचा अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा देऊन मिळणारा, आणि घरची मिळकत कमी असेल तर राहणं-खाणंसुद्धा संस्थेकडे. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. त्याशिवाय पुण्याला राहायचा विचारही आम्हाला परवडला नसता.

आमचा मळा वलगावजवळ. झेंडू, शेवंती, गुलाब. बाबा पिकवतात आणि आई अमरावतीच्या बाजारात नेऊन विकते. घरात बरा फोन एकच, तोही आईकडे, कारण दहा रुपयांच्या फुलांचे पैसेसुद्धा लोक आता फोनवरच टाकतात. अर्जात मी तोच नंबर दिला. दुसरा होता कुठे?

परीक्षेचं केंद्र अकोल्याला आलं. आदल्या दिवशी मी मावशीकडे उतरले, तर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती आली आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा, असं फोनवर कुणीतरी गोड आवाजात म्हणालं होतं. मावशीने सांगितला आणि खातं रिकामं झालं. पैसे गेले त्यापेक्षा मावसाजींचं बोलणं तिला जास्त लागत होतं. "आडानी बाईच्या हाती फोन देल्लाच काहून," असं ते तिच्यादेखत भिंतीला सांगायचे.

परत आले ती आईला शिकवायच्या हट्टालाच पेटले. ती हार ओवायची आणि मी समोर बसून चोर व्हायचे.

"बधाई हो, आपकी लॉटरी लगी है!"

"मले नाही पायजे."

"तुमचं खातं बंद होणार आहे, नंबर सांगा."

"होऊ दे बंद."

सुरुवातीला ती गडबडायची, हसायची. चोरालाही "जेवन झालं का" म्हणून विचारेल इतकी भिडस्त बाई. पण मी सोडलं नाही. अनोळखी माणूस पैसे मागतो, आकडा विचारतो आणि घाई करतो, तर तो चोर. बोलत बसायचं नाही, सरळ कापायचा. हे तिच्याकडून घोकून घेतलं. मला त्यात मजाही वाटत होती, कारण आईला काही शिकवायची वेळ माझ्यावर आजवर आलीच नव्हती.

निकाल लागला. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, तेही वरच्या बाजूला. मी घरी समजावून सांगितलं, पण आईच्या लेखी नाव यादीत असतं किंवा नसतं. "नाही लागला नंबर तं जाऊ दे," ती म्हणाली आणि त्या दिवशी माझ्या आवडीची पातोडीची भाजी केली.

त्यानंतर एका संध्याकाळी ती बाजारातून आली तीच रंगात येऊन. टोपली खाली ठेवायलाही सवड नव्हती.

"आज एका चोट्टीले असं झापलं!"

मग पदर सावरून, मान तिरकी करून तिने पुणेरी आवाज काढला. "'नमस्कार, आपल्यासाठी एक आनंदाची बातमी आहे.' आनंदाची बातमी म्हने! मी तवाच ओळखलं. इतकं गोड कोन बोलते? पोरीले जागा भेटली म्हने, आजच्या आज पैसे भरा, मोबाइलवर आकडा आला तो सांगा. मी म्हटलं, काय वं बाई, माह्या पोरीचं नाव यादीतच नाही, मले येडी समजून राहिली का? नाही पायजे आमाले तुही जागा! आन् कापला. तं पुन्हा केला तिनं. मी पुन्हा कापला."

बाबा पोट धरून हसत होते. चोराचा नंबर पोलिसांना द्यायचा आहे असं सांगून मी फोन घेतला आणि मळ्यात गेले. पलीकडे कुणी उचलत नव्हतं, संस्थेचं ऑफिस बंद झालं होतं. सकाळी लागला. त्या बाई खरंच गोड बोलत होत्या. घरून स्पष्ट नकार आला, मुदत कालचीच होती, जागा पुढच्या विद्यार्थ्याला दिली, म्हणाल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा देता येते.

मला आईचा राग आला. खोटं कशाला सांगू, इतका आला की तिच्या हातची भाकरीही नकोशी झाली. ओरडून सांगावं असं रोज वाटायचं. पण रोज संध्याकाळी ती मावशीला फोन लावून तीच गोष्ट रंगवून सांगायची, आणि पलीकडे मावशी हसायची. पैसे गेल्यापासून मावशीला हसताना मी ऐकलं नव्हतं. बाजारातल्या बायका अनोळखी फोन आला की आईच्या हातात देऊ लागल्या. आयुष्यभर सगळ्यांनी तिच्याशी घासाघीसच केली. शहरातल्या गोड आवाजाला तिने पहिल्यांदाच हरवलं होतं, आणि तेही मी शिकवलं होतं तस्संच. तिला काय सांगणार?

वर्षभर अमरावतीच्या कॉलेजात काढलं. पुन्हा अर्ज, पुन्हा तोच नंबर, पुन्हा अकोल्याला मावशीकडे मुक्काम. नाव पुन्हा प्रतीक्षा यादीतच. या वेळी मात्र कॉलेज बुडवून मी बाजारात आईशेजारी ठाण मांडलं. तू हार कर, पैसे मी घेते, असं सांगून फोन माझ्याकडे ठेवला.

श्रावणी सोमवार होता, बेलफुलांसाठी झुंबड. फोन वाजला. गलक्यात काही ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला.

"नमस्कार, आपल्यासाठी एक आनंदाची बातमी आहे."

आईचा सुईवरचा हात थांबला. ते वाक्य वर्षभर तिनेच आम्हाला ऐकवलं होतं.

"तेच हाय वं! काप, काप!" ती फोनवर झेपावली. आवाज त्याच बाईंचा होता. मी आईचा हात धरून ठेवला आणि त्यांनी विचारला तसा मोबाइलवर आलेला आकडा सांगितला. आई माझ्याकडे बघतच राहिली. पलीकडच्या बाईंनी माझं नाव घेतलं, वसतिगृहाबद्दल सांगितलं आणि हसून म्हणाल्या, "या वर्षी तरी येताय ना?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. आईने अर्धा राहिलेला हार पुरा केला, गाठ मारली, पाणी शिंपडलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मांगच्या वर्षीची ते बाई हेच होती का?"

"नाही वं आई. ते चोट्टीच होती."

"हं," ती म्हणाली.

बातमी कळल्यावर संध्याकाळी मावशीने आनंदाने फोन केला. बोलता बोलता म्हणाली, ते चोट्टीचं सांग ना पुन्हा. आई म्हणाली, "जाऊ दे, जुनं झालं ते." त्यानंतर ती गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही.

आता मी पुण्यात आहे आणि ती कुठलाच अनोळखी फोन कापत नाही. कर्जवाले, लॉटरीवाले, खातं बंद करणारे, सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेते. आकडा मात्र देत नाही. "थांबा, पोरीले विचारा लागते," म्हणते आणि मला फोन लावते. कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द सांगते.

"चोर होता गं आई," मी म्हणते.

ती लगेच फोन ठेवत नाही. थोडं थांबून विचारते, "पक्कं ना?"